गोल्फ क्लबवर गोल्फ का नाही?

नाशिक शहरात कोणाही रिक्षावाल्याला नुसते ‘गोल्फ क्लब’ एवढेच सांगा. तो दुसरा प्रश्न न विचारता तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडील. पहाटे तेथे चालणाऱ्यांची जत्रा असते. निवृत्त मास्तर, मधुमेहाचे रुग्ण, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, असे सगळे एकाच रिंगणात फेऱ्या मारत असतात. येथे रणजी सामने होतात आणि निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांच्या सभा गाजतात. म्हणजे या गोल्फ क्लबवर सर्व काही आहे, फक्त गोल्फ तेवढे नाही!

नावावरून उघड आहे की कोणे एके काळी येथे साहेबलोक गोल्फ खेळत. आणि ज्याचे नाव आज या मैदानाला आहे त्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरातल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ते फासावर गेले. तेव्हा ते जेमतेम माझ्या वयाचे होते. साहेबाच्या खेळाच्या मैदानाला त्यांचेच नाव मिळावे, यात इतिहासाचा काही न्याय आहे असे मला वाटते. फाटक गेले, साहेब गेला, मैदान लोकांचे झाले. झाले ते उत्तमच झाले. परंतु साहेबाबरोबर खेळालाही हाकलून देण्याचे काही कारण होते का? हा प्रश्न मी वर्गातल्या मित्रांना विचारला तेव्हा ते पोट धरून हसले. एक जण म्हणाला, “अरे, आपल्या घरी अजून बाथरूमला दार नाही आणि तुला गोल्फ पाहिजे!” त्याच्या या वाक्याला माझे उत्तर म्हणून हा लेख आहे.

प्रथम माझा अधिकार काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर ‘उंटावरून शेळ्या हाकणारा’ असा शिक्का बसायचा. माझे वडील द्राक्षबागेत मजुरीला जातात. छाटणी, विरळणी, फवारणी, हंगामाप्रमाणे जे काम मिळेल ते. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. आठवी ते दहावी या तीन वर्षांत सुट्टीच्या दिवशी मी सायकलने सहा किलोमीटर जाऊन एका गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करीत असे. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारा पोरगा. चेंडू कुठे पडला ते लक्षात ठेवायचे, गवतात शिरून तो शोधायचा, साहेबांनी हात पुढे केला की योग्य ती काठी हातात द्यायची. आठवड्यातून एक दिवस मैदान बंद असे आणि त्या दिवशी आम्हा पोरांना खेळायची मुभा असे. आठ-दहा पोरांत मिळून एक जुनी, मुठीचे रबर उडालेली काठी आणि चिरलेले चेंडू. परंतु त्या दिवसाची वाट आम्ही पोळ्यासारखी पाहत असू.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात गहन असे काही नाही. लहानपणी आपण गोट्या खेळताना जमिनीत गल करतो, तसाच येथेही एक खळगा असतो, आणि तो लांब असतो. काठीने चेंडू मारत मारत त्या खळग्यात घालायचा. जितके कमी फटके तितके चांगले. असे अठरा खळगे झाले की डाव पुरा झाला. प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नाही, त्याच्या अंगावर जायचे नाही, पंचाशी हुज्जत नाही, कारण पंचच नाही. आपले फटके आपणच मोजायचे. साठ वर्षांचा माणूस आणि पंधरा वर्षांचा मुलगा बरोबरीने खेळू शकतील असे खेळ किती आहेत, ते जिमखान्याच्या सरांना विचारून पाहावे.

आणि ते मैदान! मृग बरसला की आठ दिवसांत सगळा माळ हिरवा होई. समोर डोंगराची रांग, तिच्या कमरेला ढग, मध्येच टिटवीचा आरडाओरडा. उन्हाळ्यात तेच मैदान गव्हाळ पिवळे पडे आणि चेंडू कडक जमिनीवरून दुप्पट लांब पळे. चेंडू सरळ गेला तर काठीतून हातात काहीही येत नाही, झिणझिणी नाही, धक्का नाही. फक्त एक ‘टक्’ असा आवाज, आणि डोंगराच्या काळ्या कड्यापुढे पांढरा ठिपका वर वर जाताना दिसतो. शाळेत एवढा आनंद मला एकदाच झाला होता, गणितात पैकीच्या पैकी गुण पडले तेव्हा.

परंतु एक गोष्ट त्या वयातही खटकत असे. खांद्यावर पिशवी असली की फाटकातून आत जाता येई. पिशवी नसली की येत नसे. पहारेकरी तोच, मी तोच, चपलाही त्याच. एकदा बंद नसलेल्या दिवशी मी सहज, नुसते बघायला म्हणून गेलो, तर त्याने विचारले, “कोणाचं सामान आहे?” कोणाचेही नाही म्हटल्यावर त्याने मान हलवली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, तोही पगारी माणूस. परंतु तेव्हापासून एक विचार डोक्यात घर करून आहे. श्रीमंती खेळात आहे की फाटकात?

याचा शोध घ्यावा म्हणून गेले वर्षभर ग्रंथालयात आणि मोबाईलवर जे सापडले ते वाचले, आणि वाचून मी थक्क झालो. ज्या स्कॉटलंडात हा खेळ वाढला तेथे तो मुळी गावकीच्या जमिनीवर वाढला! समुद्रकाठची रेताड, नांगराला निरुपयोगी जमीन, तिला ते ‘लिंक्स’ म्हणत. तेथे गावची मेंढरे चरत, बायका कपडे वाळत घालीत, आणि रिकामटेकडे लोक चेंडू मारीत. रिकामटेकड्यांची संख्या इतकी वाढली की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली तेथील संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. आता मला सांगा, जो खेळ चार उमराव खेळतात त्यावर कोणी संसदेत बंदी घालते का?

सेंट अँड्र्यूज या गावाची गोष्ट तर आपल्या गायरानाच्या भांडणासारखीच आहे. १५५२ साली तेथल्या आर्चबिशपला लिंक्सवर ससे पाळायचे होते. त्याने लेखी सनदेत मान्य केले की या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहील. पुढे १७९७ मध्ये गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन व्यापाऱ्यांच्या घशात घातली. त्यांनी तेथे सशांची पैदास सुरू केली. सशांनी मैदानाची चाळण केली. गावकरी आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. १८२१ साली एका खेळवेड्या जमीनदाराने जमीन विकत घेतली तेव्हा कुठे हा तंटा थांबला. १८९४ मध्ये कायदा करून नगरपालिकेने ती जमीन परत आपल्या ताब्यात घेतली आणि १९७४ च्या कायद्याने तिचा कारभार एका सार्वजनिक न्यासाकडे गेला. आजही तेथल्या जगप्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’वर रविवारी सहसा खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे पोरेबाळे, कुत्री घेऊन तेथे फिरतात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला तेथे खेळायचे तर खिसा चांगलाच रिकामा करावा लागतो, हे खरे. पण गावात राहणाऱ्याला वर्षाच्या स्वस्त पासावर खेळता येते.

या गावातला सर्वांत मोठा खेळाडू कोण होता? टॉम मॉरिस. जन्म १८२१, बाप हातमागावर कापड विणणारा. म्हणजे आमच्या येवल्याच्या पेठेतला एखादा मुलगाच म्हणा ना! तो चेंडू बनविणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. त्या काळी चेंडू म्हणजे कातड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसे. एक कारागीर दिवसाकाठी तीन-चार चेंडू जेमतेम करी, त्यामुळे एकेक चेंडू महाग पडे आणि गरिबाला खेळ परवडत नसे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या मलाया भागातल्या झाडाच्या चिकाचा चेंडू निघाला. तो फुटला तर गरम पाण्यात घालून पुन्हा वळता येई. (आख्यायिका अशी की सेंट अँड्र्यूजच्या एका गृहस्थांकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती याच पदार्थाच्या तुकड्यांत बांधलेली होती आणि त्यातून चेंडूची कल्पना सुचली. खरेखोटे तो विष्णूच जाणे.) टॉमने हा नवा स्वस्त चेंडू वापरला म्हणून मालक संतापला आणि दोघांची फारकत झाली. पिसांचा धंदा बुडणार हे मालकाने ओळखले होते. पुढे टॉमने ‘ओपन’ ही स्पर्धा चार वेळा जिंकली. मला या गोष्टीत अर्थशास्त्राचा एक आख्खा धडा दिसतो. चेंडू स्वस्त झाला आणि खेळ खाली उतरला.

परंतु मला सर्वांत आवडले ते एडिंबरा शहर. तेथे ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाच्या माळावर पूर्वापार गोल्फ चाले. शहर वाढले, माळाभोवती घरे आली, माणसांना चेंडू लागू लागले. तेव्हा काय केले? ‘खेळ बंद’ अशी पाटी लावली नाही. १८८९ साली नगरपालिकेने शहराच्या दक्षिणेकडची ब्रेड हिल्स ही टेकडी घेतली आणि तेथे लोकांसाठी गोल्फ सुरू केले. खडकाळ टेकडी, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे, आणि वर उभे राहिले की किल्ला, शहराची छपरे आणि पलीकडे समुद्राचा फाटा दिसतो. टेकडीवर खेळणारे खेळतात, फिरणारे फिरतात. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या टेकडीवर इमारती चढल्या नाहीत याचे एक कारण हा खेळ आहे. आपल्याकडच्या टेकड्यांची काय दशा झाली आहे ते मी येथे सांगत बसत नाही, बसमधून येता-जाता सर्वांना दिसतेच. आणि जुन्या ब्रंट्सफील्डच्या माळावर अजूनही उन्हाळ्यात आखूड फटक्यांचे छत्तीस खळगे असतात. तेथे खेळायला पैसे पडत नाहीत. काठी-चेंडू घेऊन यायचे आणि खेळायचे!

आपल्याकडे मात्र हा खेळ आला तो क्लबाच्या पोटात बसून. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. गावकीच्या माळावर वाढलेले पोर आपल्या दारी येईपर्यंत सुटाबुटात आले होते. आपण त्याचा सूटच पाहिला.

“पण तो साहेबाचाच खेळ,” असे म्हणणाऱ्यांनी क्रिकेटचा विचार करावा. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारे पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. साहेबांना सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजी मात्र त्यांना कोणी करू देत नसे. गोलंदाजी हे कष्टाचे काम आणि फलंदाजी ही मिजास! त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हे वाचताना मला आमची पिशवी आठवली. गोल्फमध्येही हेच घडले आहे. अली शेर दिल्लीत कॅडी होता. त्याने १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकली. शिव शंकर प्रसाद चौरसिया याचे वडील कलकत्त्याच्या त्याच रॉयल क्लबात गवताची निगा राखणारे कर्मचारी. मुलगा बघून बघून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन त्याने जिंकली. पिशवीमागून आत शिरलेल्या एवढ्याशा पोरांतून असे निघतात, तर फाटकच नसते तर किती निघाले असते?

सरकारी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. दिल्लीत लाडोसरायला विकास प्राधिकरणाने २००० साली सार्वजनिक गोल्फ कोर्स उघडला. आपल्याकडे खारघरच्या डोंगराखाली सिडकोने केला. सभासदत्वाची अट नाही, पैसे भरा आणि खेळा. पाऊल चांगले आहे. परंतु तेथले शुल्क द्राक्षबागेतल्या मजुरीच्या हिशेबात बसणारे नव्हे. फाटक उघडले, उंबरठा उंचच राहिला.

आता सर्वांत खडा आक्षेप. पाणी! ज्या महाराष्ट्रात फेब्रुवारीपासून टँकर धावू लागतात तेथे गवताला पाणी पाजायचे? हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. उन्हाळ्यात हिरवेगार गालिचे पोसणारा गोल्फ मला नकोच. परंतु मुळातला खेळ पाण्यावर वाढलेलाच नाही. लिंक्सवर आभाळातून पडेल तेवढेच पाणी, आणि गवत कापायला मेंढ्या. आपल्याकडच्या कित्येक छावण्यांच्या मैदानांवर खळग्याभोवती हिरवळ नसतेच. तेथे वाळूत टाकाऊ तेल मिसळून तिचे सपाट, तपकिरी वर्तुळ करतात. त्याला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’ असे म्हणतात. मी ज्या मैदानावर राबलो तेथेही तेच होते. चेंडू खळग्यात गेला की पोराने लाकडी फळी ओढून वाळू पुन्हा सारखी करायची. पाण्याचा एक थेंब नाही. साहेबी मासिकांतल्या चित्रांसारखे ते दिसत नाही, हे कबूल. आमच्या अंगणातल्या सारवणासारखे दिसते. मला तर ते त्या गालिच्यांपेक्षा देखणे वाटते.

अठरा खळग्यांना शे-सव्वाशे एकर जमीन लागते, तीही आपल्याला नको. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या नगरपालिका लाखो रुपये खर्चून उद्यानात सिमेंटचे हत्ती आणि बंद पडलेली कारंजी बसवतात, त्यांनी शहराबाहेरच्या एखाद्या मुरमाड उतारावर सहा किंवा नऊ आखूड खळगे करून पाहावेत. तेलाची वाळू, भाड्याने काठी, आणि शाळा-कॉलेजच्या मुलांना फुकट. कुंपण ढोरे आत येऊ नयेत इतपत असावे, माणसे येऊ नयेत इतपत नसावे. नाशिकच्या मैदानावर भर गर्दीत चेंडू उडवा असे मी म्हणत नाही. फेऱ्या मारणाऱ्या आजोबांच्या डोक्याची मला काळजी आहे! पण नुसते चेंडू घरंगळवायचे मैदान कोठेही होऊ शकते. सेंट अँड्र्यूजमध्ये असे एक आहे. १८६७ मध्ये तेथल्या स्त्रियांनी ते सुरू केले, कारण बाईने खांद्यावर हात नेऊन फटका मारणे त्या काळी सभ्यपणाचे मानत नसत. उंचसखल टेकाडांचे ते छोटे मैदान आज थोड्याशा पैशांत कोणालाही खुले आहे, आणि त्याचे नाव लोकांनी ठेवले आहे ‘हिमालय’! आपल्या विद्यार्थिनींना जिमखान्यात कॅरमशिवाय काही मिळत नाही, अशी तक्रार याच अंकात कोणी ना कोणी केली असेलच. त्यांनी या हिमालयाची नोंद घ्यावी.

मी नेमाने चालत आलेल्या रूढीप्रमाणे ‘शासनाने लक्ष घालावे’ असे लिहून थांबणार होतो. पण मागच्या महिन्यात वडील वसतिगृहावर आले होते. आमच्या मागच्या पडीक मैदानाकडे बघत त्यांनी विचारले, “हितं कुणी काही पेरत नाही का?” कॉलेजची जागा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “मंग तुमचीच की.” तेवढ्यावर मी जिमखाना समितीकडे अर्ज दिला आहे. मागणी अशी : जुन्या बाजारातल्या तीन काठ्या, एक डझन चेंडू, जमिनीत पुरायला डालड्याचे सहा रिकामे डबे आणि मैदानाच्या कोपऱ्यातला पाऊण एकर. वाळू नदीची नको, बांधकामाची उरलेली चालेल. वाया गेलेले इंजिन तेल देण्याचे एका गॅरेजवाल्याने कबूल केले आहे. सरांनी अर्ज वाचून, चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “शिकवणार कोण?” मी अर्जाच्या खाली माझे नाव आणि हजेरी क्रमांक लिहून दिला आहे. अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे. पावसाळ्याआधी मंजूर झाला तर बरे, डबे पुरायला जमीन मऊ मिळेल.